गुलाबआण्णांच्या मुठी

गुलाबआण्णा मार खाऊन गेले, यावर भोरमध्ये अजून कुणाचा विश्वास बसत नाही. कुणाला तरी मारता मारता गेले म्हणा, लोक लगेच माना डोलावतील. दुकानात आलेलं गिऱ्हाईक अजून मला खोदून विचारतं, "काय वो, खरंच हात उचलला न्हाई त्यांनी?" मी नाही म्हणतो. ते माझ्याकडे संशयानं बघतं आणि खोकल्याचं औषध घेऊन जातं. पूर्वी मी चिडायचो. आता पिशवीत बाटली घालून देतो.

माझं बाजारपेठेत औषधांचं दुकान आहे. आण्णांनी मारलेली निम्मी माणसं माझ्याच दुकानात यायची, कारण आण्णाच त्यांना धाडायचे. मारून झालं की त्यांचा राग झटकन उतरायचा आणि समोरच्याची फुटलेली भुवई बघून ते कळवळायचे. "लई लागलं का रं? जा, डाक्टरकडं जा, माझं नाव सांग." डाक्टर म्हणजे मी. मी डॉक्टर नाही, नुसत्या गोळ्या विकतो, हे मी त्यांना जन्मभर सांगितलं. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. मग तो बिचारा कापूस नाकाला लावून काउंटरसमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "आण्णांनी पाठिवलंय." जसं काही आण्णांनी लग्नाची पत्रिका पाठवली होती.

नाव गुलाब. आईबापांना त्या बाळात काय दिसलं होतं कोण जाणे. अंगानं ते पैलवान वगैरे नव्हते. किडकिडीत, मध्यम उंचीचे, मान जराशी पुढे. हात मात्र दुसऱ्या कुणाचे तरी आणून बसवल्यासारखे होते. रुंद पंजे, आणि मुठीची हाडं कायम सोललेली. एक खपली धरली की दुसरी निघालेली. आण्णांशी बोलताना माणसं नकळत त्यांच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची.

भाटघरच्या पाण्यावर त्यांची लाँच होती. पलीकडच्या गावांना धड रस्ता नव्हता तेव्हा बाजार, दवाखाना, लग्न, सगळं त्या लाँचनं व्हायचं. लाँचवर नियम एकच. काठाला लागेपर्यंत कुणी उभं राहायचं नाही. तशी पाटी कुठं लावलेली नव्हती, आण्णांचा हात होता. तरुण असताना त्यांनी एक होडी उलटलेली बघितली होती. एकजण तंबाखू थुंकायला उठला, तेवढ्यानं. त्या दिवशी त्यांनी पाण्यातून माणसं ओढली आणि तेव्हाच धरणाकाठची ती रीत त्यांच्या हाताला बसली. बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याला मिठी मारतो आणि दोघंही तळाला जातात. म्हणून आधी त्याला एक सणसणीत ठेवून द्यायची, तो ढिला पडला की केसाला धरून काठावर आणायचं. आण्णांनी पुढे पुष्कळ माणसं पाण्यातून काढली. त्यातला प्रत्येकजण आधी मार खाऊन मग वाचला.

एकदा वऱ्हाड चाललं होतं. मध्यावर फोटो काढायचा म्हणून नवरदेव उठला आणि फेटा सावरू लागला. आण्णांनी सुकाणू दोरीनं अडकवलं, दोन ढांगांत त्याच्यापाशी गेले आणि मुंडावळ्यांसकट एक वाजवली. नवरदेव आईच्या मांडीवर जाऊन बसला. करवल्या किंचाळल्या, मामानं बाह्या सरसावल्या, पण मामालाही उठता येईना, कारण उठला असता तर त्यालाही पडली असती. सगळी भांडणं बसल्या बसल्या झाली. काठाला लागल्यावर आण्णांनीच नवरदेवाला हात धरून उतरवलं, फेटा नीट केला आणि मांडवात सगळ्यांत आधी पंगतीला बसले. लग्नाच्या फोटोत नवऱ्याचा एक गाल लाल आहे. लोक त्याला गुलालाचा रंग म्हणतात.

शिडाचं वेड त्यांना लागलं ते पानशेतला. तिथं नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे, सगळे त्यांना कमांडर म्हणत. पाण्याच्या कडेला बंगला, आणि पाण्यात शिडाची होडी. त्यांच्या मोटरबोटीचं इंजिन बिघडलं म्हणून आण्णांना बोलावलं होतं. इंजिन राहिलं बाजूला, आण्णा शिडाकडे बघत बसले. कमांडरनी त्यांना होडीत घेतलं, दोरी कशी ओढायची ते दाखवलं, आणि आण्णांनी ती उलटी ओढल्यावर दोरीचंच टोक त्यांच्या पाठीवर हाणलं. म्हाताऱ्याला नौदलातली सवय. आण्णांनी वळून म्हाताऱ्याला पाण्यात ढकललं. वर आल्यावर कमांडरनी तोंडातलं पाणी थुंकलं आणि विचारलं, "पुन्हा कधी येतोस?" तेव्हापासून दोघांचं जमलं. आपल्याला न भिणारा माणूस दोघांनाही पहिल्यांदाच भेटला असावा.

पुढे कमांडर अंदमानला जाऊन राहिले. तिथं त्यांची मोठी शिडाची बोट होती. जाताना त्यांनी लहान होडी आण्णांना दिली. ती टेम्पोत घालून पानशेतहून भाटघरला आणताना आमच्यात जी शिवीगाळ झाली, ती लिहिण्यासारखी नाही. आम्ही म्हणजे मी, एसटीतून निवृत्त झालेले कांबळे ड्रायव्हर, आणि विलास. विलासची पानशेतला खानावळ आहे, पुण्याची माणसं शनिवार-रविवारी त्याच्याकडे पिठलं-भाकरी खातात आणि चुलीचे फोटो काढतात. जन्म धरणाकाठी गेला, पण त्याला पोहता येत नाही. आण्णा त्याला म्हणायचे, "तू बुडशील तवा मला सांग, म्या वाट बघतोय."

धरण भरलं की पाण्यातल्या टेकड्यांची बेटं होतात. रविवारी आम्ही चौघं या बेटावरून त्या बेटावर शीड लावून हिंडायचो. एखाद्या बेटावर तीन दगडांची चूल मांडून विलास कोंबडी शिजवायचा. कांबळे ड्रायव्हर प्रत्येक वेळी निघताना हातानं हवेत डबल बेल मारायचे. या होडीत आण्णा वेगळे असायचे. वाऱ्याशी भांडता येत नाही, हे त्यांना एवढं पटलं होतं, की ते शिडाशी अगदी मऊ आवाजात बोलायचे. आम्ही मात्र बसूनच असायचो.

त्यांची एकुलती मुलगी मंगल. ती लहान असल्यापासून तिची एक सवय मी बघत आलो. बाप घरी आला की पोरं पिशवीकडे बघतात. मंगल मुठींकडे बघायची. आण्णांचा हात ओढायची, उताणा-पालथा करायची, ताजी खपली दिसली की हात सोडून आत निघून जायची. आण्णांना बायकोच्या बोलण्याचं काही वाटलं नाही, पण पोरीनं सोडलेला हात त्यांना दोन दोन दिवस लागायचा. बायको लवकर गेली. पोरीला त्यांनीच वाढवलं, आणि पाण्यापलीकडच्या गावात दिली.

मंगल बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाला घेऊन सासरी निघाली तेव्हा आण्णांनी हौसेनं शिडाची होडी काढली. जावई न्यायला आला होता. मध्यावर त्यानं बाळाला एका हातात धरलं, मोबाईल दुसऱ्या हातात घेतला आणि फोटोसाठी उभा राहिला. आण्णांचा हात त्यांच्या विचाराच्या आधी पोचला. जावयाचा पुढचा दात तुटला, रक्ताची धार उडाली, होडी कलली, आणि बाळ हातातून निसटलं. मंगलनं ते दुपट्याच्या टोकाला धरून पाण्यावरून ओढलं. टोक सुटलं असतं तर पुढचं काही लिहायला उरलं नसतं.

होडी काठाला लागली तशी मंगल उतरली. घरात गेली, देव्हाऱ्यातला खंडोबाचा भंडारा वाटीत घेऊन बाहेर आली आणि बापापुढे धरला.

"उचला," ती म्हणाली.

"मंगल, त्यो हुबा ऱ्हायला व्हता."

"प्वार पाण्यात चाललं व्हतं, आण्णा. तुमच्या हातानं. ह्या चंपाषष्ठीपासनं त्या चंपाषष्ठीपतुर कुणावर हात टाकायचा न्हाई. जमलं तर या आन् नातवाला मांडीवर घ्या. न्हाई जमलं तर ह्या काठाला होडी लावायची न्हाई."

भंडारा उचलून घेतलेली शपथ आमच्याकडे कुणी मोडत नाही. मोडली तरी सांगत नाही. आण्णांनी चिमूटभर हळद उचलून कपाळाला लावली. चिमटीतल्या हळदीला त्यांच्या मुठीवरचं जावयाचं रक्त लागलं होतं.

ते वर्ष मी जवळून पाहिलं. आण्णा कुठंही बसले की दोन्ही पंजे मांडीखाली घालून बसायचे. चहाचा कप आला की एक हात काढायचे, घोट घ्यायचे, हात परत मांडीखाली. भोरच्या रिकामटेकड्यांना तर पर्वणीच आली. ज्यांनी ज्यांनी मार खाल्ला होता ते मुद्दाम जवळून जाताना शिव्या घालू लागले. एकानं भर बाजारात त्यांच्या पायजम्यावर पान थुंकलं. आण्णा तिथून उठून थेट नदीकडे गेले आणि एका चिंचेच्या झाडावर मुठी आपटत बसले. झाडाची साल निघाली आणि मुठींचीही. मी पट्टी बांधत होतो तेव्हा त्यांच्या मनात भलतीच भीती शिरली. "डाक्टर, झाड मारल्याली खपली आन् मानूस मारल्याली खपली येगळी दिसती का रं?" मी म्हटलं, नाही. त्यानंतर त्यांनी झाडालाही हात लावला नाही.

दिवाळी झाली तोवर ते पार सुकले होते. चंपाषष्ठी तोंडावर आली होती, आणि आता एखादा चुकून धक्का मारून गेला तरी सगळं मुसळ केरात जाईल असं आम्हाला वाटायला लागलं. कांबळे ड्रायव्हरांनी तोडगा काढला. "जिथं माराय मानूसच न्हाई, तिथं न्या ह्यांना." नेमकं तेव्हाच कमांडरचं अंदमानहून बोलावणं आलं. गुडघे गेल्यामुळे त्यांना बोटीवर चढता येत नव्हतं. बोट आहे, ती चालवायला सायमन नावाचा तांडेल आहे, या आणि बेटं बघून जा, म्हणाले. आम्ही चौघं निघालो. विमानात हवाईसुंदरीनं आण्णांना पट्टा बांधून बसायला सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "पोरीला कळतंय," म्हणाले.

त्या समुद्राचं वर्णन करायला मी कुणी कवी नाही. एवढंच सांगतो, की पाण्याचा रंग बघून आण्णांनी ते ओंजळीत घेऊन चाखलं आणि खारट लागल्यावर फसवल्यासारखे आमच्याकडे बघत राहिले. सकाळी शीड उभारायचं, वारा भरला की इंजिन बंद, आणि दुपारपर्यंत पुढचं बेट. नारळी, पांढरी वाळू, पाठीमागे दाट जंगल. कुठं चार घरं, कुठं कुणीच नाही. सायमननं पहिल्या दिवशी आण्णांच्या हातात सुकाणू दिलं आणि त्यांच्याकडे नीट बघून, दुसऱ्या दिवशी स्वतः पाय पसरून झोपला. कांबळे ड्रायव्हर प्रत्येक बेटावरून निघताना डबल बेल मारत होते. विलासनं पापलेटासारखा कसला तरी मासा आणि मालवणी म्हणून भलताच मसाला करून आम्हाला घातला. आण्णा हसत होते. त्यांना हसताना दात असतात हे मला तेव्हा कळलं. मुठींवरच्या खपल्या गळून खाली गुलाबी कातडी आली होती, आणि ते ती पुन्हा पुन्हा उन्हात धरून बघायचे.

मग ती दुपार आली. एका बेटाला छोटा धक्का होता. सायमन पिण्याचं पाणी आणायला गावात गेला, आणि बोट बांधायचं काम विलासनं अंगावर घेतलं. त्यानं ती धरणावर बांधतात तशी बांधली. पुढून-मागून दोन्ही दोर खांबांना आवळून, जराही ढील न ठेवता, वर गाठीवर गाठ. धरणाचं पाणी उतरतं, पण महिन्यात हातभर. समुद्र जेवण होईस्तोवर पुरुषभर खाली जातो, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. आण्णांच्याही नाही. आम्ही बोटीवरच भात खाल्ला आणि खालच्या केबिनच्या सावलीत पडलो.

कर्रकन आवाज झाला आणि मी जागा झालो तो केबिनच्या भिंतीवर. बोट दोरांना लोंबकळत एका अंगावर पडली होती. चुलीवरचं चहाचं आधण कांबळे ड्रायव्हरांच्या छातीवर सांडलं होतं आणि ते ओरडत होते. भांडी, डबे, सुऱ्या, सगळं आमच्या अंगावर येत होतं. दोर तारेसारखे ताणले होते आणि धक्क्याचा खांब वाकत होता. "बसा खाली, कुणी उठू नगा," आण्णा ओरडले. पण विलास उठला. आपल्या गाठी आपणच सोडाव्या म्हणून कोयता घेऊन तो कलत्या कडेवर उभा राहिला आणि त्यानं एक दोर तोडला.

तुटलेलं टोक चाबकासारखं माझ्या कानाजवळून गेलं. बोट धाडकन पाण्यात आदळली आणि विलास हवेत उडाला. ओहोटीचं पाणी ते बेट आणि शेजारचं बेट यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेतून नदीच्या पुरासारखं बाहेर चाललं होतं. त्याचं डोकं एकदा दिसलं, मग लांब दिसलं. आण्णा तोवर पाण्यात होते.

त्यांनी विलासला गाठलं ते मी पाहिलं. विलासनं दोन्ही हातांनी त्यांच्या गळ्याला मिठी मारली तेही पाहिलं. दोघं खाली गेले. वर आले तेव्हा मिठी तशीच होती, आणि आण्णांचा उजवा हात पाण्याबाहेर, मूठ वळलेली, तशीच थांबलेली. तो हात का थांबला ते आम्हाला कळत होतं. मी आयुष्यात कुणाला मार म्हणून ओरडलो नव्हतो, त्या दिवशी ओरडलो. भाजलेले कांबळेही ओरडत होते, "हाणा आण्णा, हाणा." दोघं पुन्हा खाली गेले. वर आले आणि आण्णांनी हाणली. जबडा मोडल्याचा आवाज बोटीपर्यंत आला. विलास ढिला पडला. त्याचे केस धरून, तिरकं पोहत, आण्णांनी त्याला आणला, आणि आम्ही दोघांनाही ओढून वर घेतलं.

इथवर सगळं ठीक होतं. विलास पालथा पडून पाणी ओकला. डोळे उघडले, आणि वाकड्या जबड्यानं काय बोलला, तर, "गाठ पक्की व्हती ना पर." आण्णांनी त्याला मानेला धरून सरळ केलं आणि दुसरी मारली. ती पहिलीपेक्षा जोरात होती. विलासचा दात त्यांच्या मुठीत रुतला. आण्णांनी आपल्या मुठीकडे बघितलं, आणि मटकन खाली बसले.

सायमन आला आणि त्यानं उरलेला दोर सोडला. रात्री विलासनं कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दाखवलं, कारण तोंड उघडत नव्हतं. "एकच मारली. मला शुद्ध होती. एकच." कांबळे म्हणाले, मीही एकच बघितली. मी म्हटलं, मीही. आण्णांनी चिठोरा वाचला, घडी घालून विलासच्याच खिशात ठेवला आणि पंजे मांडीखाली घेऊन बसले.

चंपाषष्ठीला आम्ही शिडाच्या होडीनं पलीकडे गेलो. विलासचा जबडा तारेनं बांधलेला होता. मंगल बाळाला कडेवर घेऊन पाण्यापर्यंत आली. तिनं बापाचं तोंडही बघितलं नाही. हात ओढला, पालथा केला. हाडांवर दाताचा व्रण होता, अजून लाल.

कांबळे ड्रायव्हरांनी घाईघाईनं सगळं सांगितलं. ओहोटी, दोर, मिठी. मंगल लाँचवाल्याची पोर. तिला ती रीत समजावून सांगावी लागली नाही. ती विलासच्या जबड्याकडे बघत म्हणाली, "बुडत्याला हानलेली धरत न्हाईत." आणि तिनं बाळ पुढे केलं. आण्णांनी हात पुढे केले नाहीत.

"दोन व्हत्या," ते म्हणाले.

आम्ही तिघं एकदम काहीतरी बोलायला लागलो. मंगलनं आम्हाला गप्प केलं.

"दुसरी कशाला?"

"पैली त्याला वाचवाय. दुसरी मला राग आला म्हनून."

"कुनी बघितली?"

"ह्यांनीच. ह्ये सांगनार न्हाईत."

"मंग तुमी का सांगितली?"

"भंडारा तू दिलतास, मंगल. ह्यांनी न्हवं."

तिचे डोळे भरून आले. तिनं बाळाला मागे घेतलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुढल्या चंपाषष्ठीला या." मला तिचा त्या क्षणी फार राग आला. एवढं खरं बोलल्याचं काय मिळालं माणसाला? परत येताना मी तसं बोललो. आण्णांनी मला झापलं. "गप ऱ्हा. प्वार तिचं पाण्यात गेलतं, तुजं न्हाई." मग शिडाची दोरी ओढत हळूच म्हणाले, "पोरगी माजीच हाय."

दुसरं वर्ष त्यांनी कसं काढलं ते मी फार सांगत नाही. पंजे मांडीखाली होते, एवढंच. पहिल्या वर्षी ते स्वतःला आवरत होते, दुसऱ्या वर्षी बहुतेक वेळा आवरावंच लागत नव्हतं. शिव्या घालणाऱ्यांनाही कंटाळा आला. रोज संध्याकाळी ते होडी घेऊन मंगलच्या काठासमोरून जायचे, लावायचे नाहीत. ती नातवाला कडेवर घेऊन उभी असायची. नातू पुढे पुढे खाली उतरून उभा राहायला लागला, ते त्यांनी पाण्यावरूनच बघितलं.

चंपाषष्ठी आठवड्यावर आली होती. भाटघरला कुणाच्या तरी फार्महाउसवर आलेली पाच-सहा पोरं दुपारपासून पिऊन होती. त्यांनी होडी मागितली. आण्णांनी नेलं. पाण्याच्या मध्यावर दोघं उभे राहून नाचायला लागले. आण्णांनी सांगितलं, बसा. पुन्हा सांगितलं. मग होडी वळवून काठाला आणली आणि म्हणाले, उतरा. उतरल्यावर पोरांनी त्यांना ओढून खाली घेतलं. काठावर म्हशी धुणारे दोघं होते, त्यांनी पोलिसांत सांगितलं ते असं, की म्हाताऱ्यानं दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकात एक गुंतवले आणि मार संपेपर्यंत ते सोडले नाहीत. पोरांनी लाथा घातल्या, वल्हं घेऊन बरगड्यांवर मारलं. एवढा हात असलेला माणूस खाली पडून मार खात होता, आणि म्हशी धुणारे धावत पोचेस्तोवर पोरं गाडी काढून पळाली. खटला चालू आहे. मी तारखेला जातो आणि त्या पोरांच्या मुठींकडे बघतो.

कांबळे ड्रायव्हरांनी म्हशी धुणाऱ्यांतल्या एकाला मागे बसवून, त्यांना मोटारसायकलवर मध्ये धरून माझ्या दुकानात आणलं. दिवेलागण झाली होती. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, श्वास घेताना घरघर. गाडी बोलावली होती, पुण्याला न्यायचंच होतं. मी कापूस घेऊन बाहेर आलो तर ते स्टुलावर बसून, पंजे मांडीखाली घालून, फाटक्या ओठानं हसत होते.

"आज गिऱ्हाईक म्या हाय, डाक्टर. माजंच नाव सांगतो."

मला रडू फुटलं. मी त्यांच्यावर ओरडलो, एक तरी हाणायची होती, एक, कोण विचारणार होतं. ते म्हणाले, "आठवडा ऱ्हायलाय रं."

कुणीतरी फोन केला होता. गाडी यायच्या आधी मंगल आली, जावयाच्या मोटारसायकलवरून, पोराला मध्ये बसवून. जावई दाराशीच थांबला, नव्या दातावर ओठ मिटून. मंगल आत आली. बापाचं ते तोंड बघून दुसरी कुणी किंचाळली असती. तिनं ओढून त्यांचे हात मांडीखालून बाहेर काढले, माझ्या काउंटरच्या दिव्याखाली धरले, उताणे केले, पालथे केले. मनगटांवर त्यांच्याच नखांचे वळ होते, एका हातानं दुसरा धरून ठेवल्याचे. हाडांवर कातडी अखंड होती. विलासच्या दाताचा पांढरा व्रण तेवढा होता, जुना.

तिनं ते हात सोडले नाहीत. कपाळाला लावले आणि तशीच उभी राहिली.

"आजून आठवडा हाय, मंगल," आण्णा म्हणाले.

"असू द्या," ती म्हणाली, आणि पोराला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

बरगड्या मोडलेल्या माणसाच्या मांडीवर पोर द्यायचं नसतं, हे औषधवाल्यालाही कळतं. मी कापूस काउंटरवर ठेवला. आण्णांना ते हात कुठं ठेवायचे तेच कळेना. दोन वर्षं मांडीखाली राहिलेले पंजे हवेत तसेच राहिले, मग एक पोराच्या पाठीशी गेला, एक पोटाशी. पोरानं त्यांच्या फाटक्या ओठाकडे बघितलं, शर्ट मुठीत धरला, आणि त्यांच्या मांडीवर पाय रोवून डुलत डुलत उभा राहिला. आण्णांचा चेहरा कळ लागून पांढरा पडला.

"बस खाली बाळा, आजोबांना लागतंय," मंगल घाईनं म्हणाली आणि त्याला घ्यायला वाकली.

आण्णांनी मानेनं नको म्हटलं. बाहेर गाडी येऊन थांबली होती, कांबळे दार उघडत होते.

"ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ दे हुबा."